सतरा वर्षांची मतदार

आज ९ जून २०२४. लाइपझिगमध्ये युरोपियन संसदेचं मतदान. मला मत नाही (पासपोर्ट आपलाच!), पण शेजारची सतरा वर्षांची मुलगी निघाली होती, तिच्यासोबत गेले. जर्मनीने यंदा पहिल्यांदाच या निवडणुकीसाठी वय सोळावर आणलंय. गंमत म्हणजे आजच इथे महापालिकेचंही मतदान होतं आणि सॅक्सनीत, म्हणजे इथल्या राज्यात, त्याला अठरा पूर्ण लागतात. म्हणजे ७२० खासदारांच्या संसदेसाठी पोरगी शहाणी, गल्लीतल्या ट्रामसाठी लहान!

मतपत्रिका ही हातभर लांब. ईव्हीएम नाही, बोटाला शाई नाही. पेनाने गोलात फुली मारायची, घडी घालून पेटीत टाकायची.

येताना ती भरभरून बोलली. हवामानाची काळजी आहेच, पण त्याहून जास्त घरभाड्याची. युक्रेनचं युद्ध लांबलं तर सक्तीची लष्करी सेवा परत येईल, ही भावाची धाकधूक. वर्गातली काही मुलं एएफडी या कट्टर उजव्या पक्षाकडे झुकलीत. टिकटॉकवर तोच पक्ष सारखा दिसतो म्हणे. आणि आशा? लिस्बनला शिकेन नाहीतर प्रागला, असं ती सहज म्हणून गेली. तिला व्हिसा लागणार नाही; माझ्या व्हिसाच्या फायली आठवून मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी सहाला अंदाज आले. २०१९ मध्ये तरुणांत ग्रीन पक्षाची हवा होती. यंदा १६ ते २४ वयोगटात तो ११ टक्क्यांवर, एएफडी १६ वर. त्यात रात्री राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी फ्रान्समध्येही संसदेची मुदतपूर्व निवडणूक लावली. तिचा मेसेज आलाय, "आता तिकडे काय होईल?" काय सांगू तिला?