बूट ऑर्डर: रीस्टार्टला डेबियन, सकाळी विंडोज

मंडळी, जुन्या लॅपटॉपवर डेबियन १३ (लिनक्सचा एक प्रकार) चढलं एकदाचं. इन्स्टॉल व्हायला पाऊण तास लागला, आणि बटण दाबल्यावर तेच सुरू व्हावं यासाठी चार दिवस. मधल्या भानगडीची ही नोंद. तुमच्यापैकी कुणाचा लॅपटॉप असाच हट्टी असेल तर कामाला येईल.

शनिवार

मशीन सहाव्या पिढीच्या आय-५ चं, म्हणजे विंडोज ११ च्या यादीत न बसणारं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून हे डोक्यात होतं. विंडोज पूर्ण उडवता येत नाही, कारण बाबांचं सगळं जुनं लिखाण श्रीलिपीत (विंडोजवरच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये) आहे आणि ते युनिकोडमध्ये आणायचं काम मी गेली दोन वर्षं 'पुढच्या महिन्यात' करणार आहे. म्हणून ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर दोन्ही.

विंडोजमधूनच सी ड्राइव्ह आकसून ९० जीबी मोकळी केली आणि पेनड्राइव्ह लावला. बूट मेनूत पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा पुढे यूईएफआय (मशीन सुरू होण्याची नवी पद्धत) लिहिलेला. विंडोज यूईएफआयमध्ये असेल तर तो दुसराच घ्यायचा. पूर्वी एकदा घाईत पहिला निवडून अख्खा रविवार घालवलाय, त्यामुळे या वेळी नीट वाचून एंटर दाबलं.

इन्स्टॉल सुरळीत झालं. रीस्टार्ट केलं, तर थेट विंडोज. ग्रबचा (कोणती सिस्टिम सुरू करायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू नाहीच. एफ१२ दाबून बूट मेनू काढला तर 'डेबियन' तिथे मुकाट बसलेलं होतं. निवडलं, चालू झालं. म्हणजे इन्स्टॉलेशन ठीक आहे, फक्त रांगेत दुसरा नंबर लागलाय. सेटपमध्ये (बायोसच्या सेटिंगमध्ये) जाऊन डेबियन वर आणलं, एफ१०, सेव्ह. ग्रब आला. खुशीत झोपलो.

रविवार

सकाळी बटण दाबलं, विंडोज. सेटप उघडून पाहिलं तर क्रम पुन्हा जुना. परत बदलला. तीनदा रीस्टार्ट केलं, तिन्ही वेळा ग्रब. शटडाउन करून चहा प्यायलो, चालू केलं, विंडोज.

हे वहीत लिहून ठेवलं: रीस्टार्टला क्रम टिकतो, बंद करून चालू केलं की पुसला जातो.

पहिला संशय फास्ट स्टार्टअपवर. तो असला की विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. बंद करून टाकला. (लिनक्समधून विंडोजचं पार्टिशन उघडायचं असेल तर तो तसाही बंदच हवा.) फरक शून्य. दुसरा संशय सिक्युअर बूटवर, म्हणजे सही नसलेलं काही सुरू होऊ न देणाऱ्या सोयीवर. पण एफ१२ मधून डेबियन सिक्युअर बूट चालू असतानाच सुरू होत होतं. डेबियन १० पासून सही केलेलं शिम (ग्रबच्या आधी चालणारी छोटी फाइल) येतंच. सिक्युअर बूटने अडवलं असतं तर तिथेही अडवलं असतं. उगाच बंद करू नका.

सोमवार

आज अंदाज सोडून टर्मिनल उघडलं. ईएफआयबूटएमजीआर ही कमांड सुडोने (ॲडमिन म्हणून) चालवली की मदरबोर्डच्या एनव्हीरॅममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) काय लिहिलंय ते समोर येतं. माझ्याकडे बूट०००० म्हणजे विंडोज बूट मॅनेजर, बूट०००१ म्हणजे डेबियन, आणि वर बूटऑर्डर: ००००,०००१. त्याच कमांडला ओ जोडून क्रम ०००१,०००० केला, पुन्हा वाचला, बरोबर होता.

आता खरी परीक्षा. डेबियनमधूनच शटडाउन केलं, चार्जर काढला, मिनिटभर थांबलो. चालू करताना एफ१२ धरून थेट डेबियनमध्ये शिरलो, विंडोजला मध्ये येऊच दिलं नाही. कमांड चालवली. बूटऑर्डर: ००००,०००१.

म्हणजे विंडोज सुरूही झालं नव्हतं आणि क्रम उलटलेला होता. उलटवणारं फर्मवेअर (मदरबोर्डमधलं सॉफ्टवेअर) स्वतःच. दोन दिवस मी विंडोजला शिव्या घालत होतो, चोर सोडून संन्याशाला फाशी. दोष लॅपटॉप बनवणाऱ्याचा. त्याच्या फर्मवेअरला थंड सुरुवातीला (पूर्ण बंद करून चालू केल्यावर) 'विंडोज बूट मॅनेजर' नावाची नोंद दिसली की ते तिला उचलून पहिल्या नंबरावर ठेवतं. या मॉडेलचा शेवटचा बायोस आधीच चढवलेला होता, त्यामुळे ती आशाही नाही.

मंगळवार

ईएफआय पार्टिशनमध्ये (डिस्कच्या ज्या भागात सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइल्स असतात तिथे) 'बूट' फोल्डरात बूटएक्स६४ नावाची एक राखीव फाइल असते. यादीतलं काहीच चाललं नाही तर फर्मवेअर तिच्याकडे वळतं. ग्रब-इन्स्टॉलला फोर्स-एक्स्ट्रा-रिमूव्हेबल हा पर्याय देऊन तिथे ग्रबची प्रत ठेवली. उपयोग नाही, आणि नसणारच होता. विंडोजची नोंद धडधाकट असताना राखीव फाइलकडे कोण वळणार?

मग विचार केला, फर्मवेअर नाव पाहतंय ना? मग नाव तेच राहू द्यावं, पत्ता बदलावा. आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) बंद आहे याची खात्री केली. चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घेतल्याशिवाय याला हात लावू नका. विंडोजमध्ये ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडला आणि बीसीडीएडिट या कमांडने बूटएमजीआरचा (विंडोज बूट मॅनेजरचा) पाथ ईएफआय, डेबियन, शिमएक्स६४ असा करून टाकला. कमांड प्रॉम्प्टच, पॉवरशेल नव्हे. त्या कमांडमधल्या महिरपी कंसांचा पॉवरशेल वेगळाच अर्थ लावतं आणि एरर देतं. माझी वीस मिनिटं त्यात गेली.

बंद केलं, चार्जर काढला, चालू केलं. ग्रब!

ईएफआयबूटएमजीआरला व्ही जोडून पाहिलं तर बूट०००० चं नाव अजूनही विंडोज बूट मॅनेजर, पुढे पत्ता मात्र डेबियनच्या शिमचा. दारावर पाटी जुन्या मालकाची, आत भाडेकरू दुसराच. फर्मवेअर पाटी वाचून खूश.

मेनूत विंडोज दिसेना, पण ते अपेक्षित होतं. ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर (इतर सिस्टिम शोधणारा) मुळातच बंद असतो. ईटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरातली ग्रब फाइल उघडून ग्रब-डिसेबल-ओएस-प्रोबरची ओळ फॉल्स केली, अपडेट-ग्रब चालवलं, विंडोज आलं. ग्रब विंडोजची मूळ फाइल थेट उघडतो, त्यामुळे बदललेल्या पत्त्याचा त्याला त्रास नाही.

हा जुगाड आहे, हे मान्य. विंडोजच्या एखाद्या मोठ्या दुरुस्तीत पाथ पूर्ववत होऊ शकतो. म्हणून ती बीसीडीएडिटची ओळ आणि उलट फिरवायची ओळ, दोन्ही कागदावर लिहून लॅपटॉपच्या पोटाला चिकटवल्यात.

किरकोळ: रात्री ९ वाजता विंडोजचं घड्याळ दुपारचे साडेतीन दाखवत होतं. लिनक्स हार्डवेअर घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं, म्हणून बरोबर साडेपाच तासांचा घोळ. टाइमडेटसीटीएलने सेट-लोकल-आरटीसी १ केलं, म्हणजे लिनक्सलाही तिथे स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं. ते थोडं कुरकुरलं, इशारा दिला, पण ऐकलं.

बुधवारी सकाळी बाबांनी लॅपटॉप उघडला. मी आंघोळीत. बाहेर आलो तर ते डेबियनच्या लॉगिनसमोर बसलेले. "मेनू आला होता रे, पण पाच सेकंदांत चष्मा कुठे सापडतो?" ग्रबचा टाइमआउट ५ वरून २० केलाय.