सस्क्वेहानावरचा तिसरा मोसम: शेवटी 7 वेट

सस्क्वेहाना ही अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातून वाहणारी नदी, आणि मी तिच्यावर फ्लायने, म्हणजे पिसं-केस बांधून केलेल्या नकली आमिषाने, मासे धरतो. मागच्या मोसमात माझा 5 वेटचा ट्राउट रॉड तुटला (वेट म्हणजे रॉड ज्या वजनाच्या लाइनसाठी असतो त्याचा क्रमांक). त्याचं कारण आता कळलंय. क्लाउझर मिनो या छोट्या माशासारख्या फ्लायचे शिशाचे डोळे एकदा मागून येऊन रॉडवर आपटले होते आणि टोकापासून वीतभर खाली टाचणीच्या डोक्याएवढा टवका उडाला होता. मी तो बोटाने चाचपला आणि सोडून दिला. पुढे एक दमदार स्मॉलमाउथ (बास जातीचा मासा) लागला, रॉड वाकला आणि नेमका तिथेच मोडला.

मालवणला गरवताना शिसाचं वजन दोरीला ओढून नेतं. फ्लायमध्ये उलटं आहे: लाइनच्या वजनावर फ्लाय जाते. 5 वेट लाइनची पहिली 30 फूट साधारण 9 ग्रॅम भरतात, 7 वेटची 12. जड क्लाउझर किंवा वारा धरणारा पॉपर (पाण्यावर तरंगणारी फ्लाय) 9 ग्रॅमवर नीट जात नाही; लाइनचा हवेतला वळसा, म्हणजे लूप, कोसळतो आणि फ्लाय रॉडवर नाहीतर कानावर येते. बॉब क्लाउझरने ही फ्लाय 1980च्या दशकात याच नदीवरच्या स्मॉलमाउथसाठी बांधली, त्यामुळे ती बाजूला ठेवून रॉड निवडणं मला पटत नाही.

या वर्षी मित्राचे 6 आणि 8 वेट वापरून पाहिले. जुलैच्या उतरलेल्या पाण्यात, छोट्या पॉपरला 6 सुरेख. पण हॅरिसबर्गजवळ नदीचं पात्र जवळजवळ मैलभर रुंद आहे, तिथे वारा सुटला की त्याचा निभाव लागत नाही. 8 काहीही फेकतो, पण दुपारपर्यंत खांदा भरून आला आणि बारा इंची माशाची झुंज हाताला जाणवेना.

म्हणून 9 फुटी 7 वेट, मीडियम-फास्ट, म्हणजे बेताचा कडक. फार कडक रॉडवर मला घाई होते. जड फ्लायला मागे पूर्ण सरळ व्हायला वेळ द्यावा लागतो, आणि या रॉडचा वाक मला ती थांबण्याची जागा दाखवतो. लाइन बास टेपरची, पुढचा भाग आखूड आणि जड.

आणखी एक कारण आहे, आणि माझ्यासाठी तेच मोठं. 2005पासून या नदीत स्मॉलमाउथची पिल्लं रोगाने मेली, त्यातून ही जात हळूहळू सावरते आहे. उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात मासा जितका जास्त वेळ झुंजतो तितका थकतो. 7 वेटने तो लवकर हाताशी येतो आणि अंगात दम शिल्लक असतानाच परत जातो.

शनिवारी खडकाच्या कपारीखाली सतरा इंची लागला. दोन उड्या, मग प्रवाहाच्या आडवा जोर. पाण्यातच गळ काढला. लाल डोळा, अंगावर पितळी पट्टे. शेपटीचा फटका मनगटावर देऊन गेला.

आता याच रॉडवर संध्याकाळी हरणाच्या केसांचे बग (तरंगणाऱ्या फ्लाय) टाकून बघणार आहे.