रीफ टँकमध्ये फ्रॅग बसवताना - माझा अनुभव

आम्ही न्यू जर्सीत राहतो, इकडे फ्रॅग स्वॅप नावाचा प्रकार असतो, हौशी मंडळी आपापल्या रीफ टँकमधल्या, म्हणजे घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या, कोरलचे (प्रवाळांचे) तुकडे, म्हणजे फ्रॅग, आणतात आणि मग विकत, अदलाबदली, गप्पा सगळं चालतं. यंदा तिथून मी हॅमर, टॉर्च, थोडे झोआ, एक मॉन्टिपोरा आणि एक अॅक्रोपोरा असे कोरल आणले. ग्रीन स्टार पॉलिप नावाचा आणखी एक कोरल एका काकांनी फुकट दिला. का फुकट दिला ते पुढे येईलच.

घरी आल्यावर पिशव्या आधी टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, तापमान सारखं व्हायला १५-२० मिनिटं पुरतात. मग डिप, म्हणजे किडे मारायला औषधाची आंघोळ. छोट्या डब्यात टँकचंच पाणी घेऊन त्यात डिपचं औषध घालायचं, फ्रॅग बुडवायचा आणि ड्रॉपरने त्याच्यावर जोरात पाणी मारायचं. अॅक्रोपोरातून तीळभर फ्लॅटवर्म (चपटा किडा) गळून पडला तेव्हा अंगावर काटा आला, कारण डिपने किडे मरतात पण त्यांची अंडी मरत नाहीत आणि ती बहुतेक प्लगला (फ्रॅग ज्यावर चिकटवलेला असतो ती चकती) किंवा तुकड्याच्या बुडाला चिकटलेली असतात. म्हणून मी जुने प्लग ठेवतच नाही, बोन कटरने फ्रॅग सोडवून घेते, आणि डिपचं पाणी सिंकमध्ये, टँकमध्ये थेंबही नाही.

झोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालाच, इथे मी अजिबात चेष्टा करत नाहीये. झोआ-पॅलिथोआत पॅलिटॉक्सिन असू शकतं, ते जबरदस्त विषारी असतं आणि कापताना चिळकांडी डोळ्यात उडू शकते. साफ करायला म्हणून झोआ-पॅलिथोआ चिकटलेला दगड कोणी उकळायला ठेवला आणि त्या वाफेने अख्खं घर आजारी पडलं असं घडलेलं आहे.

सांगलीहून सासूबाई आल्या होत्या, त्या खुर्ची ओढून सगळं बघत होत्या. "अगं पण हे झाड आहे का प्राणी?" म्हटलं आई, प्राणी आहे, पण त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, ते उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं ह्याला देतं. "म्हणजे जेवणाच्या रूपात भाडं देणारा भाडेकरू!" एवढं चपखल मला कधी सुचलं नसतं. आणि हा घरमालक विचित्र आहे, पाणी तापलं किंवा उजेड एकदम वाढला की भाडेकरूला हाकलतो, पांढराफटक पडतो आणि मग स्वतःच उपाशी मरतो.

त्यामुळे आणला आणि लावला वर, असं चालत नाही. मी पीएआर मीटर (शेवाळाला कामी येणारा उजेड मोजणारं यंत्र) भाड्याने आणून टँकमध्ये जागोजागी उजेड मोजला. खाली वाळूवर ८० च्या आसपास, मधल्या कपारीत १५०, सगळ्यात वर जवळपास ३००. झोआ आणि हॅमर खालच्या-मधल्या भागात खुश, मॉन्टिपोरा त्याच्या वर, अॅक्रोपोरा टोकाला. पण टोकाचा मान त्याला लगेच नाही द्यायचा, आधी वाळूवर रॅकमध्ये, मग हळूहळू एकेक पायरी वर.

चिकटवायला सुपरग्लू जेलच घ्यायचा, पातळ घेतला तर पाण्यात पसरतो. हा ग्लू पाण्यातही सुकतो पण पाणी लागलं की त्याच्यावर लगेच पांढरी साय धरते, आणि ती साय तशीच राहिली तर दगडाला पकड येत नाही. म्हणून फ्रॅगचं बूड टिशूने कोरडं करायचं, त्याला ग्लू, त्यावर मळलेली इपॉक्सी पुट्टी, पुट्टीच्या खाली परत ग्लू, पंप बंद, आणि दगडावर टेकवला की दाबून थोडा गोल फिरवायचा म्हणजे साय फाटते आणि ताजा ग्लू दगडाला लागतो. त्याआधी दगडाची ती जागा टूथब्रशने घासून घ्या, शेवाळावर ग्लू लावणं म्हणजे पैसे पाण्यात, अक्षरशः. पुट्टी जास्त लागली असेल तर रात्रभर स्किमर (फेस काढून पाणी साफ करणारं यंत्र) बंद ठेवा, नाहीतर फेस उतू जाऊन जमीन पुसत बसावं लागेल.

एवढं करूनही टर्बो गोगलगाय एका फ्रॅगला रणगाड्यासारखी रेटून गेली. तिला वजन कशाला म्हणतात ते कळत नाही. म्हणून पुट्टी जरा सढळ हाताने आणि कपारीत बसेल अशी.

खरी डोकेफोड शेजार ठरवण्यात आहे. फ्रॅग आज दोन बोटांएवढा दिसतो, पण हॅमर पाणी भरून फुगला की तिप्पट होतो. रात्री टँकचे लाईट बंद झाल्यावर लाल उजेडाच्या बॅटरीने बघा, गॅलेक्सिया नावाचा कोरल लांबच लांब पांढऱ्या धाग्यांसारखे स्वीपर (डंख मारणारे सोंडे) सोडतो आणि टप्प्यात जो येईल त्याला भाजून काढतो. हॅमर आणि त्याचा जातभाई फ्रॉगस्पॉन एकमेकांना सहसा चालवून घेतात, टॉर्चचा मात्र भरवसा नाही. आणि काकांचा तो ग्रीन स्टार पॉलिप, तो कोणाला चावत नाही, नुसता पसरतो, चटईसारखा सगळ्या दगडांवरून. त्याला मी वाळूत वेगळा दगड दिलाय, चारी बाजूंनी मोकळी वाळू.

पुण्याच्या दिराचा फोन होता, वहिनी येताना मला एक तुकडा आणा ना. भावोजी, नाही जमणार! भारतात खडक बांधणारे सगळे कठीण कोरल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. शिवाय देशाबाहेर न्यायला साइटीसचा (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवाना लागतो तो वेगळाच. तो म्हणे मग फोटो तरी पाठवा.

सध्या मॉन्टिपोराची जांभळी कड ग्लू ओलांडून दगडावर चढलीये, पुट्टीचा गुलाबी डाग जवळपास झाकला गेलाय. अॅक्रोपोरा पोचला वर. टॉर्च अजून रॅकवरच आहे, कारण उजवीकडे त्याला हवा तसा मंद प्रवाह आहे पण तिथून गॅलेक्सिया वीतभर अंतरावर आहे, आणि तो गॅलेक्सिया आता दगडासकटच उचलावा लागेल.