पणजीत गाडीचं काय करायचं?

२९ नोव्हेंबर, डोंबिवली

तिकिटं झाली, पणजीच्या फोंताईन्हास या जुन्या वस्तीतली खोली ठरली, आणि तेव्हापासून घरात एकच विषय: पणजीत गाडी भाड्याने घ्यायची की नाही. नवरा म्हणतो, घ्यायचीच. गोव्यात जाऊन दुसऱ्याच्या गाडीत मागे बसायचं म्हणजे काय! आपली स्वतःची गाडी न्यायचा हट्ट त्याने सोडला हेच पुष्कळ. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालूच आहे. गणपतीत माणगावला कसे अडकलो होतो याची मी आठवण काढली आणि मांडवी एक्सप्रेसवर तह झाला. शिवाय मांडवीत खायला बरं मिळतं, हे त्यालाही कबूल.

आता त्याची बाजू अगदीच पोकळ आहे असं नाही. गोव्यात ओला-उबर नाही. सरकारच्या पाठिंब्याने २०१८ मध्ये गोवामाइल्स आलं, ते एक ॲप. बाकी टॅक्सीवाल्याशी बसण्याआधी भाव ठरवायचा. पायलट म्हणजे ती पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल टॅक्सी. आम्ही दोघं जाऊ हो तिच्यावर, पण या वेळी आई बरोबर आहे आणि तिचे गुडघे पायलटचे नाहीत. आईला विचारलं तर म्हणाली, "मला कवळ्याच्या शांतादुर्गेला न्या, कशाने न्यायचं ते तुमचं तुम्ही बघा."

१ डिसेंबर

आज त्याने बसून फोन केले. छोटी गाडी दिवसाला दोन हजार, डिसेंबर असल्यामुळे कमीत कमी दोन दिवसांसाठी. वर डिपॉझिट. पेट्रोल जेवढं असेल तेवढंच भरून परत द्यायचं. गाडीला काही लागलं तर खर्चाची पहिली अमुक रक्कम आपली, पुढची विम्याची.

एका ठिकाणी फारच स्वस्तात मिळत होती. फोटो मागवला तर पांढरी पाटी. मी तिथेच नको म्हटलं. स्वतः चालवायला भाड्याने देतात त्या गाडीची पाटी काळी आणि तिच्यावर पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची म्हणजे कुणाची तरी घरची गाडी, तिला भाड्याने फिरायचा परवानाच नाही. उद्या कुठे ठोकली तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. दोन-तीनशे रुपये वाचवायला एवढी जोखीम घेणाऱ्या लोकांचं मला खरंच नवल वाटतं, आणि असे लोक आमच्याच ऑफिसात पुष्कळ आहेत.

दुसरा मुद्दा मी मुद्दाम जेवताना काढला. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. पहिल्या वेळी दहा हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे जो चालवणार त्याने संध्याकाळी कोकम सोडा. आमच्या घरात चालवणारा एकच आहे आणि फेणी आवडणाराही तोच. यावर तो काही बोलला नाही, फक्त आमटी जास्त घेतली.

३ डिसेंबर

आज जुन्या गोव्यात सेंट झेवियरचं फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव. संध्याकाळी बातम्यांत गर्दी पाहिली आणि मी पणजीतल्या घरमालकिणीला फोन लावला. बरं झालं लावला. त्या म्हणाल्या, "बाय, आठ तारखेला पणजीच्या चर्चचं फेस्त. चर्चपाशी सगळी दुकानं लागतात, गाड्यांचं काही खरं नाही. आणि एरवीसुद्धा आमच्या गल्लीत गाडी लावायला जागा नाही. पाटोला पे-पार्किंगमध्ये ठेवा आणि ओरे खाडीवरच्या पुलावरून चालत या."

पाटोलाच तर कदंबचा (गोव्याच्या एसटीचा) बसस्टँड आहे! म्हणजे पैसे देऊन गाडी बसस्टँडाशेजारी उभी करायची आणि तिथून पूल ओलांडून चालत घरी यायचं. बसने आलो असतो तरी हेच केलं असतं. हे मी त्याला दोनदा ऐकवलं. पहिल्यांदा ऐकलं नाही असं दाखवलं त्याने.

मग कागद घेऊन बसले आणि रोज काय करणार ते लिहून काढलं. गल्ल्यांतून हिंडणं: पायी. १८ जून रस्त्यावर काजू आणि सोलं: पायी. जुन्या सचिवालयासमोरचा आबे फारियाचा पुतळा (आईला भिववायला, तो बाईला संमोहित करतोय असा आहे): पायी. मिरामार: बस. बेतीची फेरीबोट: धक्क्यापर्यंत पायी, पुढे फुकट. जुनं गोवं: बस किंवा टॅक्सी, नऊ-दहा किलोमीटर. कवळे, मंगेशी, म्हार्दोळ ही फोंड्याकडची देवळं: इथे आईसाठी दाराशी येणारी गाडी हवी. अख्ख्या कागदावर गाडीसमोर खूण झाली ती एवढ्या एका ठिकाणी.

हा कागद बघून म्हणाला, "मग त्या दिवसापुरती घेऊ." पण भाड्याने देणाऱ्याला कमीत कमी दोन दिवस हवेत. मग ती आदल्या दिवशी, म्हणजे ऐन फेस्ताला, पाटोच्या पार्किंगमध्ये पैसे खात उभी राहणार.

चालकासकट टॅक्सी करायची ठरली. घरमालकिणीच्या ओळखीचा एक आहे, तीन हजारात फोंड्याकडची देवळं करून आणतो. भाडं, पेट्रोल, पार्किंग धरलं तर हिशेब त्याच्याही बाजूने जात नव्हता, हे त्याने स्वतःच कॅलक्युलेटरवर करून पाहिलं.

८ डिसेंबर, पणजी

काल करमळी स्टेशनला उतरलो आणि टॅक्सीने आलो. आज दिवसभर पायी.

चर्चच्या त्या नागमोडी पांढऱ्या जिन्याखाली खाजे, भाजलेले चणे, फर्निचर, प्लास्टिकच्या बादल्या, सगळं एका ओळीत. आईला वाटलं आपण वेंगुर्ल्याच्या जत्रेत आलोय. तिने खाज्याच्या दुकानात मालवणीतून घासाघीस केली, बाईने कोंकणीतून उत्तर दिलं, आणि दोघींनी मिळून मला शहरातली म्हणून बाजूला काढलं. चौकाकडे येणाऱ्या रस्त्यावर काळ्या पाटीच्या गाड्या हॉर्न वाजवत अडकल्या होत्या. मी काही बोलले नाही. नवऱ्याने बघितलं आणि त्यानेही काही बोलायचं टाळलं.

दुपारी फेरीबोट. पाण्यावरून मांडवी नदीवरचा अटल सेतू केवढा उंच दिसतो! पलीकडे बेतीला उतरलो, चहा प्यालो, पुढच्या फेरीने परत. आईचे गुडघे या सगळ्यात एकदाही कुरकुरले नाहीत. दर दोन गल्ल्यांनी कुठे ना कुठे बसायला मिळत होतं. संध्याकाळी काजूफेणी. एकाने घेतली.

९ डिसेंबर

टॅक्सीवाला साताला दारात हजर. दारात म्हणजे गल्लीच्या तोंडाशी, त्याच्या पुढे त्यालाही येता येत नाही. हा पुढे बसला, आई आणि मी मागे. कवळ्याला पोचेपर्यंत आई आणि तो चालक देवस्थानांच्या गोष्टींत इतके रंगले की आम्ही दोघं पाहुणे. शांतादुर्गा मूळची साष्टीतल्या केळशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा लोकांनी देवीला नदीपल्याड अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंडा भागात आणलं, कारण तिथे पोर्तुगीजांचं राज्य नव्हतं. मंगेश कुशस्थळीहून आला, म्हाळसा वेर्ण्याहून. आज फोंड्याच्या आसपास एवढी देवळं दाटीने का आहेत, त्याचं कारण हेच. कवळ्याचं सध्याचं देऊळ छत्रपती शाहूंचे मंत्री नारो राम यांनी बांधवून घेतलं, १७३८ मध्ये पूर्ण झालं. आईला हे सगळं पाठ, पण चालकाकडून पुन्हा ऐकताना ती प्रत्येक वाक्याला "हो का?" म्हणत होती.

मंगेशीला गर्दी होती. त्याने आम्हाला जास्तीत जास्त जवळ सोडलं आणि गाडी घेऊन गेला. बाहेर आलो तर समोर उभा. हा चालवत असता तर आम्ही दर्शन घेतलं असतं आणि तो वाहनतळ शोधत राहिला असता, हे त्याने स्वतःच म्हटलं. मी फक्त ऐकलं. आई मागून म्हणाली, "बरं झालं जावईबापू, तुम्हालाही देव दिसला."

पण त्याचं चालवणं राहिलंच, आणि ते त्याला लागलंय हे मला कळतं. परतताना तो चालकाला तांबडी सुर्ल्याचा रस्ता विचारत होता. जंगलातलं, कदंब राजांच्या काळातलं महादेवाचं देऊळ, पणजीपासून साठ-पासष्ट किलोमीटर, घाटाच्या पायथ्याशी. तिकडे आईला न आणता आम्ही दोघांनीच जायचं, पुढच्या वेळी, आणि त्याला गाडी हवीच. मी लगेच हो म्हटलं: काळी पाटी, पिवळी अक्षरं, मुक्काम गावाबाहेर जिथे अंगणात गाडी लागेल तिथे, आणि फेणी गाडी परत दिल्यावर. पहिल्या तीन अटी मान्य आहेत. चौथीवर तो उद्या ट्रेनमध्ये बोलणार आहे.