कीबोर्डवर बसेल त्याने बोलायचं नाही

स्मरणिका समितीचा निरोप आला, ‘शाळेने मला काय दिलं’ यावर लिहा. जुने अंक चाळले. घंटा, प्रार्थना, फळा, छडी, निरोप समारंभ... या सगळ्यावर इतकं लिहून झालंय की माझ्या वाट्याला एकच खोली उरली. पहिल्या मजल्यावरची, जिन्याजवळची, कायम कुलूपबंद. कॉम्प्युटर रूम.

1998 साली मी आठवीत होते. सहामाही परीक्षेनंतर शाळेत तीन कॉम्प्युटर आले. खोलीला पडदे लागले, खाली जाजम आलं, ‘चपला बाहेर काढाव्यात’ अशी पाटी आली आणि मग कुलूप आलं. आठवड्यातून एक तास आम्ही ओळीने आत जायचो, कव्हर घातलेल्या यंत्रांसमोर मांडी घालून बसायचो आणि सर पट्टीने दाखवतील तसं ‘मॉनिटर, सीपीयू, कीबोर्ड’ एका सुरात म्हणायचो. वहीत आकृती काढून भागांना नावं दिली की तास संपला. त्या आकृतीला मला पाचपैकी साडेचार गुण होते. कॉम्प्युटर चालू झालेला मात्र पाहिला नव्हता.

यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढली की तिच्यासाठी कुणाची तरी सही लागते, आणि मोडली की त्या सहीकडेच बोट जातं. न वापरलेली वस्तू मोडत नाही. हिशेब सरळ होता.

तो बिघडवला गणिताच्या बाईंनी. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. आमच्या तुकडीला ते सांगायची गरज नाही आणि इतरांना सांगितलेलं बाईंना आवडणार नाही. कुठूनशी त्यांनी ‘लोगो’ची फ्लॉपी मिळवली, रजिस्टरवर स्वतःची सही केली, शिपाईकाकांकडून किल्ली घेतली आणि शाळा सुटल्यावर थांबू शकतील त्यांनी थांबा म्हणाल्या. “मला हे येत नाही,” पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं. “तुम्हालाही येत नाही. तेव्हा सावकाश.”

लोगो म्हणजे काय हे आजच्या मुलांना सांगावं लागेल. 1967 साली अमेरिकेत तयार झालेली, मुलांसाठीची ही प्रोग्रॅमिंगची भाषा. तिच्यामागच्या मंडळींत सीमोर पॅपर्ट हे एमआयटी या तिथल्या तंत्रज्ञान विद्यापीठातले गणितज्ञ होते. पडद्यावर एक ‘कासव’ असतं. आमचं कासव म्हणजे एक इवलासा त्रिकोण होता, पण आम्ही त्याला कासवच म्हणायचो. ‘एफडी 100’ टाइप केलं की ते शंभर पावलं पुढे जातं, ‘आरटी 90’ म्हटलं की उजवीकडे काटकोनात वळतं, आणि जाता जाता मागे रेघ सोडतं. बस, एवढंच.

तीनपैकी दोनच यंत्रं चालली. थांबणारी मुलं वीस-बावीस. म्हणजे एका पडद्यापुढे दहा-अकरा डोकी. पहिल्या आठवड्यात जे व्हायचं तेच झालं. उंच, दांडगी मुलं खुर्चीत, त्यांचे दोस्त खांद्यावर, आणि आम्ही मुली टाचा उंचावून मागे. चौथ्या की पाचव्या दिवशी बाईंनी नियम केला: कीबोर्डवर बसेल त्याने बोलायचं नाही. इतर सांगतील तेवढंच टाइप करायचं. आणि इतरांनी सांगायचं म्हणजे सगळ्यांचं एकमत होईपर्यंत आपसात भांडायचं. एकमत झालं की एकाने मोठ्याने सांगायचं. खुर्ची दर दहा मिनिटांनी बदलायची.

तो समभुज त्रिकोणाचा दिवस मला अजून दिसतो. खुर्चीत मी होते, अर्थात तोंड बंद. त्रिकोणाचा कोन 60 अंशांचा, हे सगळ्यांना पाठ. एकमत व्हायला अर्धं मिनिटही लागलं नाही. एफडी 100, आरटी 60, असं तीनदा. कासव निघालं, वळलं, निघालं, वळलं, आणि त्रिकोण व्हायच्या ऐवजी पडद्यावर एक उघडं भांडं तयार झालं. अर्धा षटकोन. कुणीतरी म्हणालं, यंत्र बिघडलं. बाई काही बोलल्या नाहीत. मागच्या रांगेतली एक मुलगी होती, वर्गात कधी हात वर न करणारी. ती हळूच म्हणाली, “ते आतून नाही ना वळत, बाहेरून वळतंय.” भांडण पेटलं. शेवटी बाईंनी तिलाच जाजमावर चालायला लावलं. सरळ जा, आता वळ. किती वळलीस? ती ज्या दिशेला तोंड करून होती तिथून नव्या दिशेपर्यंत तिचं अंग 60 नव्हे, चांगलं 120 अंश फिरलं होतं. बाह्यकोन आम्ही सातवीतच ‘केला’ होता. कळला तो त्या संध्याकाळी. मी आरटी 120 टाइप केलं आणि रेघ रेघेला येऊन मिळाली.

पुढची वर्षं भराभर सांगते, त्यात विशेष काही नाही. दहावी, बारावी, पदवी, मग समाजकार्याचं शिक्षण. नोकरी लागली ती शाळांना कॉम्प्युटर आणि टॅब पुरवणाऱ्या एका संस्थेत. माझं काम आढाव्याचं: किती शाळा, किती नग, किती विद्यार्थी ‘लाभार्थी’. माझ्या पहिल्या अहवालात ‘वितरण 100 टक्के’ असं मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं आणि त्याबद्दल माझं कौतुकही झालं. वर्षभराने त्यातल्या एका शाळेत गेले. टॅब होते. कपाटात, मूळ खोक्यात, थर्माकोलसकट. मुख्याध्यापक अदबीने म्हणाले, “मॅडम, एकही मोडलेला नाही.” मला आठवीतला तो जाजमाचा वास आला. माझा अहवाल खोटा नव्हता. फक्त त्यातून काहीच कळत नव्हतं.

त्याच सुमारास केंटारो टोयामा यांचं लिखाण हाती लागलं. आज ते अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक आहेत आणि तंत्रज्ञान, समाज आणि गरीब देशांचा विकास यांचं नातं हा त्यांचा अभ्यासविषय. शिक्षण आधी भौतिकशास्त्राचं, मग डॉक्टरेट कॉम्प्युटर सायन्समध्ये. काही काळ घानातल्या एका विद्यापीठात गणित शिकवलं. 2005 साली मायक्रोसॉफ्टची संशोधन शाखा बंगळूरला सुरू झाली, तिच्या संस्थापकांपैकी ते एक. तिथे त्यांनी एक गट उभा केला. गरिबांच्या शेती, शाळा, आरोग्य या प्रश्नांवर कॉम्प्युटरने काय करता येईल हे शोधायचं. आले होते ते तंत्रज्ञानावर भरवसा ठेवूनच, आणि म्हणूनच त्यांचं पुढचं म्हणणं मला ऐकावंसं वाटलं. बाहेर बसून नाकं मुरडणारे पुष्कळ असतात.

त्या गटाचा एक प्रयोग वाचताना मी खुर्चीतून उठलेच. खेड्यातल्या शाळांत त्यांनी पाहिलं की एका कॉम्प्युटरभोवती पाच-दहा मुलं असतात आणि माऊस एकाच्याच मुठीत, बहुधा दांडग्याच्या. बाकीचे प्रेक्षक. त्यावर तोडगा असा की एकाच कॉम्प्युटरला अनेक माऊस जोडायचे, प्रत्येकाचा बाण वेगळ्या रंगाचा. इंग्रजी शब्द शिकवणारा खेळ देऊन त्यांनी मोजमाप केलं. जो आधी क्लिक करेल तो जिंकला असा खेळ ठेवला तेव्हा मुलग्यांचे गट दणादण क्लिक करत सुटले आणि शिकले कमी. मग नियम बदलला: सगळ्यांनी एकाच उत्तरावर क्लिक केल्याशिवाय पुढे जायचंच नाही. आता मुलं बोलू लागली, वाद घालू लागली, आणि शब्दही लक्षात राहू लागले. हा शोधनिबंध 2007 सालचा. आमचं जाजम 1998 सालचं.

प्रयोग यशस्वी झाला, पण टोयामा तिथे थांबले नाहीत. हीच युक्ती जिथे शाळाच धड चालत नव्हती अशा ठिकाणी नेली तर काय झालं, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं: फारसं काही नाही. वैतागलेल्या शिक्षकाच्या हातात आणखी एक कटकट आली. यातून त्यांचा सिद्धांत तयार झाला. तंत्रज्ञान माणसांचा हेतू आणि कुवत वाढवून देतं, नसलेला हेतू आणि नसलेली कुवत घडवून देत नाही. मी तो माझ्या भाषेत असा सांगते: लाऊडस्पीकर लावल्याने गळा सुधारत नाही.

2010 सालच्या एका लेखात त्यांनी वाचकाला विचारलंय: तुम्हाला आणि एका गरीब शेतकऱ्याला एकेक ईमेल खातं दिलं आणि एखाद्या चांगल्या कामासाठी देणगी गोळा करा म्हटलं, तर कोण जास्त गोळा करेल? यंत्र तेच, जोडणी तीच. फरक तुमच्या ओळखींचा, शिक्षणाचा, शब्दाला असलेल्या वजनाचा. म्हणजे समान साधन वाटलं की समानता येते हे गृहीतकच पोकळ. माझ्या ‘100 टक्के’ची हवा तिथेच गेली.

आपल्याजवळचं उदाहरण वारणेचं. 1998 सालीच, म्हणजे आमच्या जाजमाच्याच वर्षी, वारणा खोऱ्यातल्या गावांत कॉम्प्युटरची केंद्रं बसवण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला होता. खेड्याला जगाशी जोडण्याच्या गोष्टी होत्या. प्रत्यक्षात केंद्रांवर चाललं ते मुख्यतः ऊस कारखान्याचं काम: तोड कधी, वजन किती, खत किती उचललं. टोयामांच्या गटाने 7 गावांत 8 महिने तेच सगळं काम साध्या मोबाइलवरच्या एसएमएसने करून दाखवलं. खर्च कमी, सोय जास्त आणि शेतकऱ्यांची पसंतीही त्यालाच. लोकांना काय हवंय ते आधी पाहिलं असतं तर एवढी यंत्रं लागलीच नसती.

जगभर याहून मोठ्या आकड्यांत हेच घडलं. नोव्हेंबर 2005 मध्ये ट्युनिशियातल्या ट्युनिस शहरी भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत एमआयटीतलेच निकोलस नेग्रोपाँटी यांनी मुलांसाठीचा 100 डॉलरचा लॅपटॉप दाखवला. वीज नसली तरी चालावा म्हणून त्याला हाताने फिरवायचा दांडा होता. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे महासचिव कोफी अन्नान यांनी तो फिरवला आणि दांडा त्यांच्या हातातच आला. ज्या लॅपटॉपचं पुढे वाटप झालं त्याला दांडा नव्हताच. पेरू देशाने असे लाखो लॅपटॉप वाटले. तिथल्या 319 ग्रामीण शाळांचा अभ्यास 2012 साली आला. सुमारे सव्वा वर्ष वापरूनही मुलांच्या गणितात आणि भाषेत फरक दिसला नाही. मला याचं वाईट वाटतं ते वेगळ्या कारणाने. त्या लॅपटॉपमागची प्रेरणा पॅपर्टचीच होती. तेच कासव, पण जाजमावर चालायला लावणारं कुणी नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. केरळच्या किनाऱ्यावर 1997 नंतर मोबाइल आले. कोळी समुद्रातूनच फोन करून कुठल्या बंदरावर भाव आहे ते विचारू लागले. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांच्या 2007 च्या अभ्यासानुसार मासळी टाकून देणं जवळजवळ थांबलं, कोळ्यांचा नफा सुमारे 8 टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी 4 टक्क्यांनी स्वस्त मिळाली. पण तिथे होड्या होत्या, बाजार होते, गरज होती, आणि भाव विचारायची अक्कल तर पिढीजात होती. फोनने त्यांना फक्त एकमेकांपर्यंत पोचवलं.

टोयामांचं एक मात्र मला पुरतं पटत नाही. हेतू आणि कुवत आधी, यंत्र नंतर, असा क्रम त्यांच्या लिखाणातून निघतो. बाईंना आधी कॉम्प्युटर येत नव्हता. त्या चांगल्या शिक्षिका होत्या हे खरं, पण फळ्यापुढे त्याही आम्हाला बाह्यकोन पाठच करायला लावत होत्या. ती दोन यंत्रं समोर आली नसती तर त्यांनी कुणाला जाजमावर चालवलं असतं का? कुवत कधीकधी अशीही वर येते. अर्थात कुलूप उघडायला कुणीतरी लागलंच.

हा लेख लिहायला घेण्याआधी बाईंना फोन केला. आता त्या ऐंशीच्या घरात आहेत. बंगळूरचा प्रयोग, अनेक माऊस, एकमताचा नियम, सगळं सांगितलं. म्हटलं, “बाई, मोठमोठ्या संशोधकांच्या नऊ वर्षं आधी तुम्ही हे केलंत.” पलीकडे जरा शांतता. मग हसल्या.

“अगं, शिकण्याबिकण्यासाठी नव्हता तो नियम. तुमच्या मारामारीत कीबोर्डचं एक बटण उडून पडलं होतं, आणि रजिस्टरवर सही माझी होती.”