पुनर्विवाह केला आहे का?

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी नाशिकमधल्या एका वृद्धाश्रमात जायला लागलो. तिथले निम्मेअधिक रहिवासी अंथरुणाला खिळलेले. सुरुवातीला मला पेपर वाचून दाखवायचं काम दिलं होतं, पण ऐकणारे अग्रलेखाच्या आधीच घोरायला लागत. पेन्शनच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली आहेत हे कळल्यावर व्यवस्थापकांनी हयातीचे दाखले माझ्या गळ्यात घातले. बरंच झालं. भजनं म्हणायला येणारे पुष्कळ असतात, पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक, शोधून देणारा कुणी नसतो.

नोव्हेंबरात आमची गडबड असते. दाखला राहिला की पेन्शन थांबते, आणि आश्रमाची फी त्याच पेन्शनमधून जाते. ऐंशी ओलांडलेल्यांना १ ऑक्टोबरपासून दाखला देता येतो, पण नातेवाइकांना जाग येते ती नोव्हेंबरच्या शेवटी. २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’, म्हणजे हा दाखला ऑनलाइन देण्याची सोय आली, तेव्हा तिचा मुख्य भर बोटांच्या ठशांवर होता. जन्मभर भांडी घासलेल्या बायकांच्या बोटांवर मशीनला दिसेल अशी रेघ कुठून उरणार? २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही काम होतं. आधी माहिती भरणारा म्हणून माझा चेहरा, मग पेन्शनरचा.

त्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या एका आजींचा नंबर होता. यजमान भुसावळला रेल्वेत फिटर होते, त्यांच्या मागे आजींना फॅमिली पेन्शन. स्मृतिभ्रंशामुळे बोलणं बंद झालेलं. आदल्या आठवड्यात पोस्टमन मशीन घेऊन येऊन गेला होता. कोमट पाण्यानं हात धुऊन, पुसून दहाही बोटं लावून पाहिली, ठसा काही उमटला नाही. आता मुलगा पुण्याहून फोनवर होता, ओटीपी सांगायला.

माहिती भरत गेलो. आधार, पीपीओ, खातं. मग ॲपनं विचारलं, पुनर्विवाह केला आहे का? फॅमिली पेन्शनला तो प्रश्न नियमानंच येतो, माझी तक्रार नाही. तरी दर दोन तासांनी कुशीवर वळवाव्या लागणाऱ्या बाईसमोर ‘नाही’वर बोट ठेवताना हसू आलंच. आजींचं सगळं करणाऱ्या मावशींना वाचून दाखवलं.

“स्थळ असलं तर बघा काका,” त्या म्हणाल्या. “आमचा एक पेशंट कमी होईल.”

खरी अडचण पुढे होती. पलंगाची डोक्याकडची बाजू उचलली, खिडकीचा पडदा सारला. चेहरा गोलात बसला, पण मोबाइलला डोळ्यांची उघडझाप हवी. समोर फोटो नाही, जिवंत माणूस आहे, हे त्याला त्यावरून कळतं. आजींची नजर छताच्या पंख्यावर. नेमकी त्या वेळी पापणी लवेना. “आजी, डोळे मिटा बघू,” मी म्हणालो. सिस्टर म्हणाल्या. फोनवरून मुलगा ओरडला, “आई, डोळे मीट गं!” वेळ संपली, पहिल्यापासून सुरू. पुन्हा तेच. मुलगा म्हणाला, बँकेतून माणूस बोलावू का? बोलावता येतो, अंथरुणावरच्या पेन्शनरकडे बँकेनं यायचंच असतं. पण महिना संपत आला होता आणि त्या गर्दीत शाखेतून कोण कधी निघतं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

मावशी म्हणाल्या, “थांबा.” त्या आजींच्या उशाशी गेल्या. आजी माळकरी, आंघोळीनंतर कपाळाला बुक्का लावल्याशिवाय घास घ्यायच्या नाहीत, अजूनही तोंड घट्ट मिटून घेतात. मावशींनी डबी उघडून आजींच्या नाकाजवळ धरली, मग चेहरा झाकला जाणार नाही अशा बेतानं वरून, केसांच्या बाजूनं, अंगठा खाली आणला. बोट कपाळाला टेकायच्या आधीच आजींचे डोळे मिटले. अंगठा उचलला, उघडले. गोल हिरवा झाला.

“मेसेज आला,” मुलगा फोनवरून म्हणाला. प्रमाण आयडी, म्हणजे दाखल्याचा क्रमांक, त्याच्या मोबाइलवर पोचला होता.

मी चष्मा पुसत होतो तोवर मावशींनी विचारलं, “काका, आमच्या सासऱ्यांचं होईल का यात? सातपूरला कंपनीत होते.”

ती पीएफची पेन्शन. तिला नोव्हेंबरची सक्ती नाही. दाखला दिल्यापासून वर्षभर चालतो. मागचा कधी दिला होता, विचारलं. मार्चमध्ये.

“मग आत्ता घाई नाही,” मी म्हणालो.

“तुम्हाला नसेल,” मावशी म्हणाल्या. “उद्या पीपीओ घेऊन येते.”