भाव एकच कसा?

धरणगाव तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करणाऱ्या कारखान्यात, मी ग्रेडर आहे. दिवाळीनंतर गेटबाहेर गाड्यांची रांग लागते. कापसात हात घालायचा, ओलाव्याचं मीटर खुपसायचं, माल पास करायचा, हेच काम. त्या दिवशी एका आबांचा ट्रॅक्टर आणि मागोमाग गावोगावी कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याची आयशर ट्रक आत आली. आबांच्या मालात ओलावा ९ टक्के. आयशरचा वरचा थर १०. खाली कोपरापर्यंत हात घातला तर बोटं गार पडली. मीटर १७ वर.

जिनिंगच्या मालकाने, शेठने, सकाळीच सगळ्या गाड्यांना सरसकट एक भाव जाहीर केला होता. कुणाच्या गाडीत किती पाणी निघेल याचा अंदाज धरून आधीच थोडा पाडलेला. आबा मीटरकडे बघत होते. म्हणाले, "मना माल असा, त्याना माल तसा, मंग भाव एकच कसा?"

भाव क्विंटलला ७ हजार धरा. आयशरच्या खालच्या थरातलं, आबांच्या मालापेक्षा जास्तीचं ८ किलो पाणी क्विंटलमागे ५६० रुपयांना विकलं जातं, आणि पाडलेल्या भावातून ते फेडतात आबा. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर ८ टक्क्यांच्या वर कपात आणि १२ च्या वर गाडी परत, असा सरळ नियम असतो. खासगीत तो पाळायचा तर गाडी शेजारच्या जिनिंगला वळते, ही शेठची भीती. खोटी नाही ती.

पाणी तरी वाळतं. पण कापूस युरियाच्या प्लास्टिक गोणीत वेचला, तर तिचा धागा मालात येतो, तो वाळत नाही. तो जिनमध्ये तुटून रुईत मिसळतो, सुतात जातो, आणि कापड रंगवलं की तेवढाच पांढरा उरतो, कारण कापसाचा रंग प्लास्टिकला चढत नाही. एका गाठीत तो सापडला की सूतगिरणी आमच्या सगळ्याच गाठींकडे संशयाने बघते आणि खंडीमागे, म्हणजे रुई विकायच्या मापामागे, भाव तोडते. म्हणजे शेठ आबांना जे करतो, तेच गिरणी शेठला करते! आबांची वेचणी जुन्या लुगड्यांच्या झोळीतली. गोणीचा संबंधच नाही.

हे मी शेठला काट्यावरच ऐकवलं. त्याने आयशर परत पाठवली. व्यापारी शिव्या देत गेला, आणि संध्याकाळपर्यंत त्याचा माल शेजारी खपल्याचं कळलंही. आबांना शेठने चार पैसे वाढवून दिले आणि ढीग वेगळा लावायला सांगितला.

पण आबांच्या ३० क्विंटल कापसाची रुई निघणार १० क्विंटलच्या आसपास, १७० किलोच्या जेमतेम ६ गाठी. गिरणीला लॉट लागतो शंभरेक गाठींचा.

"आबा, तुमच्या गावात असं वेचणारे किती निघतील?" शेठने विचारलं.

"आधी भाव बोला शेठ, मग मोजू."

शेठ बोलला नाही. पुढची गाडी काट्यावर चढली होती.